दुसऱ्याचं भांडं

"जेच्या घरात दुसऱ्याचा भांडा हा, तो मरूचो नाय," असं आमची घरमालकीण म्हणायची. म्हणताना हसायची नाही. तिच्या घरात तर अख्ख्या चाळीची भांडी होती, तेव्हा या हिशेबानं तिनं शंभरी ओलांडायला हरकत नव्हती.

साठ साल उलटून गेलं होतं. कांदिवलीला स्टेशनच्या पूर्वेला, पोयसर नदीच्या अलीकडे, तिच्या नवऱ्यानं गिरणीतल्या कमाईवर जमिनीचा एक पट्टा घेतला होता आणि त्यावर कौलारू बैठी चाळ बांधली होती. आठ खोल्या एका ओळीत, समोर एकच लांब ओटा. नवरा कधीच वारला. पहिल्या खोलीत ती एकटी राहायची, बाकीच्या खोल्यांत आम्ही भाडेकरू. सगळे तिला आजी म्हणायचे. मुंबईत जन्म गेला तरी जिभेनं तिनं मालवण सोडलं नव्हतं.

लग्न होऊन मी त्या चाळीत गेले त्या दिवशी आमची ट्रंकसुद्धा उघडली नव्हती. ही दारात उभी. ठेंगणी, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात पितळी वाटी. हाक नाही, कडी नाही, नुसती खोकली.

"वायच साखर दी गो."

साखर तेव्हा रेशनवर. रांगेत उभं राहून आणलेला एक पुडा, तोही सासूबाईंनी बांधून दिलेला. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे उसनं मागणं हे चोरीच्या खालोखाल समजतात. मालकीण म्हणून दिली, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला. यांना म्हटलं, "ही कसली मालकीण? ही तर आपल्याच दारात येऊन उभी राहते." हे म्हणाले, "जाऊ दे ना, म्हातारी आहे." पुरुषांचं बरं असतं. साखर त्यांना आणायची नसते.

दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती माझी. म्हणजे साखर मी तिच्या वाटीत घातली होती, ती वाटी तिनं ठेवून घेतली आणि माझ्या ओट्यावर सुकायला ठेवलेली माझी वाटी उचलून नेली होती. तीत आता सोलकढी होती. "रिकामा भांडा परत करू नये," एवढंच म्हणाली. मग मला आली पंचाईत. कढीची वाटी तिची नव्हती, माझी होती, तरी तिनं काही दिलं म्हणजे मला काही देणं आलं. मी दोन लाडू नेऊन दिले. ते तिनं माझ्या ताटलीसकट ठेवून घेतले. ताटली चार दिवसांनी आली, त्यात अळूवडी. असं ते सुरू झालं आणि सहा-सात वर्षं थांबलं नाही.

रिकामं भांडं परत करू नये हे सगळ्यांच्या घरी शिकवलेलं असतं. पण त्या एका रीतीवर कुणी आपलं सगळं म्हातारपण उभं करील असं मला वाटलं नव्हतं.

ती सगळ्यांकडेच मागायची. एकीकडे विरजण, दुसरीकडे चमचाभर हिंग, तिसरीकडे खोवणी. एका दारात दिवसातून दोनदा जायची नाही, आणि कुठलंही दार चार दिवस रिकामं सोडायची नाही. आभार मानणं तिला ठाऊक नव्हतं. कुणी कपाळाला आठी घातली तर म्हणायची, "आठी घाल, पण साखर घाल." तिच्या फळीवर भांडी ओळीनं मांडलेली. प्रत्येकावर नाव कोरलेलं आणि एकही नाव तिचं नाही. माझ्या माहेरच्या नावाची लग्नातली वाटीसुद्धा तिथेच. मी एकदा तिच्या खोलीत गेले, तर ती डबा उघडून चहात साखर घालत होती. डबा काठोकाठ भरलेला. मला रागच आला.

"आजी, घरात एवढी साखर असताना माझ्याकडे कशाला येता हो?"

"घरात हा म्हणान तर मागतंय. नसती तर मागूक लाज वाटली असती."

मी घरी येऊन यांना सांगितलं, तर हे खो खो हसत सुटले. मी नाही हसले. मला ते दिवसभर पुरलं.

हळूहळू कळत गेलं. एका पावसाळ्यात तिला ताप भरला. सकाळी ती कुणाच्याच दारात आली नाही. दूध उतू जायच्या आत आम्ही तिघीजणी तिच्या खोलीत. मधल्या खोलीतली वहिनी म्हणाली, माझी परात हवी होती. मी म्हटलं, माझी वाटी न्यायला आले. तिसरीनं तर पोळपाट मागितला, जो तिच्या स्वतःच्या घरात होता. खरं कुणालाच काही नको होतं. नुसतं "आजी, बऱ्या आहात ना?" असं विचारायला जायची आमच्या मुंबईत सवय नसते. काहीतरी निमित्त लागतं. म्हातारी गोधडीतून डोकं काढून आमच्याकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर असं समाधान होतं, की ताप तिला नसून आम्हालाच असावा.

"बघलास? भांडी मागूक इली," ती म्हणाली. "औषध डाक्टर देता गो. पण उठवता कोण? भांडी उठवतत."

शेवटच्या खोलीत एक निवृत्त मास्तर होते. त्यांची बायको गेली आणि त्यांनी अंथरूण धरलं. मूलबाळ नाही, कुणाशी बोलणं नाही. आम्ही डबा नेऊन ठेवायचो, तो तसाच परत यायचा. सगळे म्हणायला लागले, मास्तर आता वर्ष काढत नाहीत. एके दिवशी ही त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, बाईंची किसणी दिया."

आम्हाला वाटलं, हिला काही काळवेळ आहे की नाही! बाई जाऊन महिना झाला नाही आणि ही किसणी मागते. मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ही हलेना. "माका घाई नाय," म्हणाली आणि उंबऱ्यात बसली. शेवटी मास्तर चिडून उठले. किती दिवसांनी उठले! बायकोची भांडी त्यांना ठाऊक नव्हती, सगळं फडताळ खाली काढलं, किसणी शोधली आणि तिच्या पुढ्यात आदळली. दुसऱ्या दिवशी किसणी परत आली ती गाजराच्या कोशिंबिरीच्या वाडग्यासकट. आता वाडगा परत करायचा, आणि तो रिकामा कसा करायचा? मास्तर शिकलेले होते, पण रीत त्यांनाही सुटत नव्हती. त्यांनी त्यात एक केळं ठेवलं. नंतर कधी खडीसाखर, कधी दोन बत्तासे. पुढे पुढे मास्तर पोहे करायला शिकले. फार वाईट करायचे. ती ते सगळे खायची आणि वर सांगायची, "मीठ कमी घालतास, उद्या मिठाक माझ्याकडे येवा." मास्तर जगले. नुसते जगले नाहीत, संध्याकाळी ओट्यावर बसून चाळीतल्या मुलांची इंग्रजी घेऊ लागले.

तिचा मुलगा विक्रोळीला राहायचा. तिथल्या एका मोठ्या कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर होता, कंपनीची जागा होती, बायको शिकलेली. महिन्यातून एका रविवारी दादरला गाडी बदलून यायचा, आईसाठी पिशवी भरून आणायचा. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, कुणी त्याचं ऐकलं नसतं. तो तिला नेहमी म्हणायचा, आई, आता तिकडे चल. एकदा ती गेलीसुद्धा. आठवडाभरात परत.

"का हो आजी, करमलं नाही?"

"घर झकास हा गो. पण माझ्या सुनेच्या शेजारणीकडे विरजण मागूक गेलंय, तर ती म्हणता, 'आजी, खाली दुकान आहे.'" हे तिनं इतक्या हलक्या आवाजात सांगितलं, की कुणाच्या आजाराची बातमी सांगते आहे असं वाटावं.

त्या विरजणानं वाट लावली. विक्रोळीच्या त्या बिल्डिंगमध्ये चर्चा झाली की अमक्या साहेबांची आई दारोदार मागत फिरते. सुनेला कुणीतरी जिन्यात विचारलं, "तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?" सुनेनं रात्रीचं जेवण टाकलं. मुलाच्या मनात ते घर करून बसलं. आणि पुढच्या रविवारी तो एकटा आला तो साखर, चहा, डाळी, हिंग, खोवणी, किसणी, सगळं दुहेरी घेऊन. भिंतीवर लावायला एक घड्याळही आणलं होतं.

मग त्यानं तिची फळी खाली काढली. एकेक भांडं राखेनं घासलं, पुसलं, वरचं नाव वाचलं आणि पिशवीत भरून दारोदार फिरला. म्हातारी ओट्यावर बसून बघत होती. एकदाही उठली नाही.

आमच्या दारात आला तेव्हा त्याला घाम फुटलेला होता. "वहिनी, ही तुमची वाटी. ही ताटली. हे झाकण तुमचंच ना?"

"अहो, असू दे की. आमची काही तक्रार नाही."

"तुमचा मोठेपणा आहे. पण आमच्यात कुणाचं काही ठेवत नाहीत." मग त्यानं हात जोडले. "आईचं वय झालंय. तिला ही सवय लागलीय. तिनं मागितलं तर कृपा करून देऊ नका. जे लागेल ते मी आणून देतो. माझी मान खाली जाते हो."

माझ्या हातात माझी वाटी होती, लख्ख, कोरडी आणि रिकामी. शिकलेला, सज्जन माणूस हात जोडून आपल्या आईची अब्रू राखा म्हणतो, त्याला नाही कसं म्हणणार? सातही बिऱ्हाडांनी मान डोलावली. आणि निघताना त्यानं आणखी एक गोष्ट केली. आईसमोर उकिडवा बसला आणि तिला आपल्या गळ्याची शपथ घातली. पुन्हा कुणाच्या दारात वाटी घेऊन गेलीस तर माझं बरंवाईट होईल, म्हणाला. एकुलता एक मुलगा. त्याच्या आधीची दोन तिनं पुरलेली. हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच त्यानं ती शपथ निवडली असणार.

तिनं ती पाळली. आम्हाला वाटलं होतं चार दिवस पाळेल.

पहिल्या आठवड्यात ती नुसती ओट्यावर फेऱ्या मारायची. हात मोकळे असले की ते कुठे ठेवावेत हेच तिला कळत नव्हतं. मी एकदा शिरा केला आणि वाडगाभर तिच्याकडे नेला. तिनं शिरा माझ्यासमोर स्वतःच्या ताटात काढून घेतला आणि वाडगा मला परत दिला.

"रिकामो दितंय. राग मानू नको," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. मी घरी येऊन रडले. यांना वाटलं माझं आणि तिचं भांडण झालं.

मास्तरांनी आपल्या परीनं डोकं चालवलं. ती किसणी घेऊन गेले आणि म्हणाले, "आजी, माझ्याकडे जागा नाही. ही तुमच्याकडे राहू द्या. तुम्ही मागितलेली नाही, मी ठेवायला देतोय. शपथ कुठे मोडते?"

तिनं किसणी हातात घेतली, उलटसुलट केली, तिच्या दातांवरून बोट फिरवलं. तिला मोह झाला होता, ते तोंडावर दिसत होतं. मग परत दिली. "माझो एकच झील हा, मास्तर." एकच मुलगा.

मास्तर त्यानंतर ओट्यावर बसेनासे झाले.

नंतर तिनं एक युक्ती काढली. दारात येऊन विचारायची, "किती वाजले गो?" आमच्याकडे गजराचं घड्याळ होतं. मी सांगायची, साडेनऊ. "हां," म्हणायची, क्षणभर उभी राहायची आणि पुढच्या दारात जायची. तिथेही तेच. वेळ विचारायला भांडं लागत नाही. मुलाला त्यात धोका नव्हता. असा तिचा महिना-दीड महिना गेला आणि मला वाटलं, चला, म्हातारीनं वाट काढली. पण वेळ सांगायला कुणी उठत नाही, उंबऱ्यात येत नाही. आम्ही पोळ्या लाटता लाटता आतूनच ओरडायचो. पाऊस सुरू झाला, झड आत येते म्हणून दारं लोटलेली असायची, मग बंद दारातूनच "पाच!" म्हणून ओरडायचो. आणि एक दिवस मधल्या खोलीतली वहिनी, तिचं मूल आजारी होतं, वैतागलेली होती, दाराआडून म्हणाली, "आजी, घड्याळ तर तुमच्याच भिंतीवर आहे की! आम्हाला कशाला विचारता?"

खरंच होतं ते. म्हातारी त्यानंतर आली नाही.

ती वाळत गेली. मुलानं तिला दादरच्या डॉक्टरांकडे नेलं. छाती चांगली, रक्त चांगलं, या वयात अशी प्रकृती बघायला मिळत नाही म्हणाले. टॉनिक दिलं. ते तिनं पूर्ण घेतलं. डबे भरलेले, कंदिलात रॉकेल, दूध घालायला भय्या लावून दिला तर त्यालाही तिनं चार दिवसांत बंद केलं. म्हणाली, येवडा दूध पितला कोण? एकदा तिच्या दारावरून जाताना मी विचारलं, "आजी, काय करताय?" तर म्हणाली, "काय नाय. सगळा हा." सगळं आहे. माणसानं इतकं वाईट उत्तर दिलेलं मी नंतर कधी ऐकलं नाही.

आषाढात झड लागली होती. रविवारी मुलगा पिशवी घेऊन आला. दार आतून लावलेलं. हाका मारल्या, कडी वाजवली. आम्ही सगळे बाहेर आलो. मास्तरांनी आणि आमच्या यांनी खांदा लावून दार उघडलं. मी आत गेले नाही. दार उघडल्याबरोबर काय झालं आहे ते ओट्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं.

डॉक्टर म्हणाले, दोन दिवस झाले असतील, कदाचित तीन. झोपेत गेल्या. त्रास झाला नसावा. मग त्यांनी सहज विचारलं, "शेवटचं यांना कुणी पाहिलं?"

मधल्या खोलीतली वहिनी म्हणाली, शुक्रवारी खोकल्याचा आवाज आला होता. मग म्हणाली, की तो मास्तरांचा असेल. मास्तर म्हणाले, गुरुवारी पाऊस थांबला तेव्हा त्या दारात उभ्या होत्या, पण तो बुधवारही असू शकेल. मला तिच्या कडीचा आवाज आठवत होता, वार आठवत नव्हता. आमच्या तिच्यात एका विटेची भिंत होती. पूर्वी ती सकाळी दिसली नाही तर चहा व्हायच्या आत आम्ही तिच्या खोलीत असायचो.

तेराव्याला मुलगा चाळीतच होता. विधी तिच्याच खोलीत केले. सगळं आटोपल्यावर गुरुजींनी पंचांग उघडलं आणि विचारलं, "वर्षश्राद्धाला तिथी कोणती धरायची? षष्ठी, सप्तमी की अष्टमी?"

मुलानं आमच्या सगळ्यांकडे पाहिलं.

"निश्चित माहीत नसेल तर शास्त्रात सोय आहे. ज्यांची तिथी कुणाला ठाऊक नाही त्यांचं सर्वपित्री अमावास्येला घालायचं. सगळ्यांबरोबर होऊन जातं."

"सगळ्यांबरोबर म्हणजे?" मुलाचा आवाज चढला. "माझी आई काय बेवारस होती? घर आहे तिचं. आठ खोल्या आहेत. एवढी माणसं आहेत शेजारी."

गुरुजी बिचारे पंचांग मिटून बसले. मुंडन केलेल्या डोक्यानं तो तसाच उठला आणि बाहेर पडला. पहिल्यांदा मास्तरांच्या दारात गेला. तिथून बाहेर आला आणि मधल्या खोलीतल्या वहिनीकडे गेला. मी आमच्या खोलीत परतून त्याचा आवाज ऐकत होते, प्रत्येक दारात तेच विचारत होता, नक्की आठवून बघा म्हणत होता. कुणी उगाच एखादा वार सांगितला असता तरी त्यानं घेतला असता. पण मेलेल्या माणसाच्या तिथीचं खोटं कोण सांगणार?

आमच्या दारात तो सगळ्यात शेवटी आला. डोळे सुजलेले होते. कडी न वाजवता नुसता उभा राहिला.

"वहिनी, तुमची भिंत लागून. एक तिथी तरी द्या हो."

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. मग म्हटलं, "नाही हो सांगता येत." मी तरी काय करणार? माझ्याकडे त्याला द्यायला काहीच नव्हतं.